आपल्या शेळ्या

शेळ्या दोन, मालक तीन आणि लेंड्या झाडणारा एक. मामला इतका सरळ होता, आणि तो झाडणारा म्हणजे फ्लॅश.

फ्लॅश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, पुढे तो त्याच्याकडे आला, म्हणून शाळेतल्या मित्रांनी चिकटवलेलं नाव. ते असं चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की तेच वापरायची. स्टुडिओत आता फक्त पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो निघत. स्टुडिओच्या मागे घर, घराच्या मागे परस, परसात पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली तांबडी आणि पांढरी. गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसायचं, हनुवटी सरळ करायचं, डोळे उघडे ठेवायचं, आणि नेमकी तेव्हाच तांबडी मागून असा काही सूर लावायची की गिऱ्हाईकाला हसू फुटायचं. ओळखपत्रावर दात चालत नाहीत. पुन्हा फोटो, पुन्हा तांबडी.

"अजून एक घेऊ," असं फ्लॅश म्हणायचा, पण मनात कोणाकोणाचा उद्धार चाललेला असायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बाकीचे दोन मालक म्हणजे क्लच आणि शिट्टी. क्लचची गाडी शिकवायची शाळा होती. त्याच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि जास्तीचा क्लच असायचा, म्हणून क्लच. शिट्टी शाळेत खेळाचा मास्तर. त्याच्या गळ्यात शिट्टी दिवसभर असायची आणि सुट्टीच्या दिवशीही ती काढायची त्याला आठवण राहत नसे. तिघं एका बाकावर बसून शिकलेले, एकत्र नापास झालेले, एकत्र मार खाल्लेले. पुढे सगळ्यांचं होतं तेच झालं. नोकऱ्या, बायका, पोरं, हप्ते. एकाच गावात राहून भेट व्हायची ती कोणाला तरी फोटो हवा असेल तेव्हा. क्लच यायचा, मुलीला स्टुलावर बसवायचा, "निवांत भेटू रे एकदा" म्हणायचा आणि जायचा. हे 'एकदा' काही उजाडत नव्हतं.

मग क्लचच्या नातवाला कुठलंच दूध पचेना आणि कोणीतरी शेळीचं दूध सुचवलं. क्लच म्हणाला, "आपण शेळ्या पाळू. तुझ्याकडे जागा आहे, चारा-खुराक माझ्या गाडीतून येईल, औषधपाणी शिट्टी बघेल. दूध तिघांचं आणि राबणंही तिघांचं, पाळीपाळीने."

फ्लॅश लगेच हो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला शेळ्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. त्याला तो वास सहन होत नसे आणि दुधाचा चहा तर तो पीतच नसे. पण पाळीपाळीने म्हणजे हे दोघं रोज येणार, एवढंच त्याने ऐकलं.

आणि सुरुवातीला आलेसुद्धा. संध्याकाळी तिघं परसात उलट्या टोपल्यांवर बसायचे. शिट्टी धार काढायला बसला की तांबडी बादलीत पाय घालायची आणि क्लच म्हणायचा, "तुला पोरांची रांग लावता येते, चार पाय सरळ उभे करता येत नाहीत?" असं काहीबाही चालायचं. बायको आतून म्हणायची, "जेवायचं आहे की तिथेच चारा टाकू?" फ्लॅशला वाटायचं, इतकी वर्षं ही साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही.

पुढे क्लचला सकाळचे शिकाऊ वाढले. शिट्टीच्या शाळेत स्पर्धा आल्या. आधी एक पाळी चुकली, मग एक झाली तरच आश्चर्य वाटू लागलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तीन घरच्या शेळीचं काय होणार? उपाशी राहिली नाही ती फ्लॅशमुळे. तोच पहाटे उठून चारा टाकायचा, तोच धार काढायचा, तोच झाडायचा, आणि हात धुऊन कॅमेरा धरला तरी गिऱ्हाईक नाक वर करून विचारायचं, "इथं कसला वास येतो हो?"

आणि त्यात तो शब्द. आपल्या भाषेत 'आपण'सारखा लबाड शब्द दुसरा नसेल. "आपण गव्हाण धुवायला हवी रे," असं शिट्टी फोनवर म्हणायचा आणि गव्हाण फ्लॅश धुवायचा. "आपण पत्रा ठोकून घेऊ, गळतोय," असं क्लच गाडीच्या खिडकीतून सांगायचा आणि शिडीवर फ्लॅश चढायचा. उंटावरून शेळ्या हाकणं हे फ्लॅशने आजवर नुसतं ऐकलं होतं, आता उंटही रोज दिसत होता. दुधाच्या वेळेला मात्र 'आपण'चे तीन स्वच्छ वाटे व्हायचे. क्लच गाडी बंदही न करता हॉर्न वाजवायचा, फ्लॅश बाटली खिडकीतून द्यायचा आणि क्लच म्हणायचा, "निवांत भेटू रे एकदा."

बाटलीचं फ्लॅशला दुःख नव्हतं. खिडकीचं होतं.

"तुम्ही म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजा," बायको म्हणाली. "एकदा सुनावा की त्यांना."

"सुनावतो," फ्लॅश म्हणायचा आणि मूग गिळून झाडू उचलायचा. सुनावलं आणि ते खिडकीतूनही यायचे थांबले तर, ही भीती तो बायकोला कशाला सांगतोय.

पण एका रविवारी त्याचा तोल गेला. क्लच आणि शिट्टी दोघं चक्क परसात आले. फ्लॅशला इतका आनंद झाला की तो झाडू हातात घेऊनच पुढे धावला. मागून एक पाहुणा आला, क्लचचा कोणी लांबचा साडू, पांढऱ्या बुटांचा.

"ह्या आमच्या शेळ्या," क्लच छाती काढून म्हणाला. त्याचा हात स्वतःकडे आणि शिट्टीकडे गेला. मग फ्लॅशकडे हनुवटी करून तो म्हणाला, "आणि हा सगळं बघतो."

साडूने फ्लॅशला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातात झाडू, पायात फाटकी चप्पल, केसात पेंढा. "काय रे," साडू म्हणाला, "दूध बरं देतात का?"

क्लचने हसून सोडून दिलं. शिट्टी पांढरीची शिंगं खाजवत राहिला. दोघांपैकी एकाच्याही तोंडून 'अहो, हा आमचा मित्र' एवढं निघालं नाही. निघायचं राहून गेलं असेल, असं फ्लॅशचं मन म्हणत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

साडू गाडीत जाऊन बसल्यावर फ्लॅशने झाडू खाली टाकला. "आमच्या म्हणजे कुणाच्या रे?"

"अरे, आपल्याच की," क्लच म्हणाला.

"आपल्या. लेंड्या झाडताना आपल्या. पाहुण्यासमोर आमच्या. शेवटची पाळी कधी केलीस ते आठवतंय का? आणि तू, मास्तर, फोनवर औषध सांगतोस, तांबडीला ताप आहे की थंडी हे हात लावल्याशिवाय कळतं होय तुला? लाज वाटत नाही? एक तर रोज या, नाहीतर सरळ म्हणा की बाबा, शेळ्या तुझ्या, तूच बघ. तुम्हीही सुटाल आणि मीही सुटेन."

इतकं तो गेल्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. दोघं खाली मान घालून गेले. फ्लॅशला वाटलं, बरं झालं, आता डोक्यात प्रकाश पडेल.

पडला, आणि दोघांच्याही डोक्यात एकाच दिवशी पडला. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

दुसऱ्या दिवशी फ्लॅशला एका शाळेत वर्गांचे फोटो काढायचे होते. त्याने नेहमीसारखा खुराक घातला, चारा टाकला आणि तो गेला. शेळ्यांनी नेहमीसारखी गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ केली. थोड्या वेळाने क्लच मागच्या दाराने आत शिरला. पुढून आला असता तर स्टुडिओत बसलेल्या वहिनींना तोंड दाखवावं लागलं असतं, आणि कालच्यानंतर ती हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने रिकामी गव्हाण पाहिली आणि त्याचं काळीज हललं. बिचाऱ्या उपाशी, आणि आपण पाहुण्यांसमोर मिरवतो. त्याने पिंपातून मक्याचा भरडा काढला, भरपूर काढला, चुकलेल्या सगळ्या पाळ्यांचा मिळून काढला, गव्हाणीत ओतला आणि आल्या वाटेने पसार झाला.

तांबडीने पांढरीला शिंग मारून बाजूला केलं आणि सगळा एकटीने संपवला.

मग मधल्या सुट्टीत शिट्टी आला. तोही मागच्याच दाराने. त्यानेही रिकामी गव्हाण पाहिली, त्याचंही काळीज हललं. चोरासारखे आले आणि दानशूरासारखं घालून गेले. आजवर कोणी काही करत नव्हतं तर शेळ्या तुकतुकीत होत्या, आणि ज्या दिवशी तिन्ही मालक कर्तव्याला जागले त्या दिवशी तांबडी मरायला टेकली.

फ्लॅश परतला तेव्हा ती आडवी पडली होती. डावी कूस फुगून टणक झाली होती, दात करकर वाजत होते, रवंथ बंद. फ्लॅशने आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि मग त्या दोघांना. दोघं धावत आले.

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसून पोटाला कान लावत होत्या. "काय खाल्लं हिने?"

"रोजचंच," फ्लॅश म्हणाला.

"मी सकाळी जरासा भरडा घातला होता," क्लच म्हणाला.

शिट्टीने त्याच्याकडे पाहिलं. "तू? अरे, मी दुपारी घातला."

"जरासा म्हणजे किती?" बाईंनी विचारलं. क्लचने ओंजळ करून दाखवली. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्याने ओंजळ थोडी मोठी केली, मग हात आणखी लांब नेले, आणि शेवटी कोपऱ्यातल्या घमेल्याकडे बोट केलं.

"पण गव्हाण रिकामी होती हो," शिट्टी कळवळून म्हणाला.

"शेळीची गव्हाण रिकामीच असते," बाई म्हणाल्या. "ती काय उद्यासाठी ठेवणार आहे?"

नळी घातली, सोड्याचं पाणी पाजलं, तेल पाजलं, इंजेक्शन दिलं. मग बाई म्हणाल्या, हिला बसू देऊ नका, उभी करा, चालवा, कूस चोळा, ढेकर आली की जीव वाचला म्हणा. तिघांनी तिला उचललं. क्लच पुढून, शिट्टी मागून, फ्लॅश कुशीला. परसाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिघं तिला ओढत, ढकलत, विनवत चालवत होते. शिट्टी सवयीने म्हणत होता, "एक दोन, एक दोन." क्लच म्हणाला, "तिला कशाला सांगतोस, तिला चार आहेत." तिघंही हसले आणि पुन्हा ढकलू लागले.

तांबडीचा जीव कासावीस होत होता आणि फ्लॅशला मधूनच बरं वाटत होतं. त्याची त्याला शरम वाटली. पण तिघं परसात होते, एकाच कामाला लागलेले होते, कोणाची गाडी बाहेर चालू नव्हती. शेळी जाते जिवानिशी आणि याला इकडे सुख होतंय. स्वतःला मनात चार शिव्या देऊन तो कूस चोळत राहिला.

दिवे लागायच्या सुमाराला तांबडीने एक लांबलचक, आंबट वासाची ढेकर दिली, थेट क्लचच्या तोंडावर. क्लचने तिला मिठीच मारली.

बाई हात धुताना म्हणाल्या, "वाचली. पण आता नीट ऐका. पुढे काही दिवस नुसता कोरडा चारा. आणि जनावराला एकाच माणसाने खायला घालायचं. तीन मालक म्हणजे तीन वेळा प्रेम, आणि तेवढं हिच्या पोटात मावत नाही."

बाई गेल्या. तिघं उलट्या टोपल्यांवर बसले. मग क्लच घसा खाकरून म्हणाला, "काल तू बोललास ते बरोबर होतं."

"अगदी बरोबर," शिट्टी म्हणाला.

"आमची लायकी नाही शेळ्या पाळायची. नातवालाही आता साधं दूध पचतं. आजपासून शेळ्या तुझ्या. आमचा वाटा आम्ही सोडला. करडं झाली तरी तुझी, दूध तुझं, सगळं तुझं. मनापासून सांगतो."

"मनापासून," शिट्टी म्हणाला आणि त्याने फ्लॅशच्या पाठीवर थाप मारली.

दोघांचे डोळे ओले होते. इतक्या मोठ्या मनाने माणसं काही देत असताना 'नको' कसं म्हणायचं? आणि त्याने काल मागितलं होतं ते शब्द न शब्द हेच तर होतं. "बरं," फ्लॅश म्हणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

दोघं गेले ते गेले. गाडीचा हॉर्न वाजेना, फोनवर 'आपण'ही येईना. फ्लॅशनेच एकदा बाटली भरून शिट्टीच्या घरी नेली तर शिट्टी दारातच म्हणाला, "छे छे, तुझ्या शेळ्यांचं दूध आम्ही फुकट कसं घेणार?" तुझ्या. इतक्या आदराने म्हणाला की फ्लॅशला ती बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

काम तेवढंच होतं, वास तेवढाच होता. आधी निदान रागवायला माणसं होती. आता पहाटे झाडताना शिव्या द्यायच्या तर कोणाला द्यायच्या? तांबडी बरी झाली, पुन्हा गिऱ्हाइकांना हसवू लागली. फ्लॅश दूध शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायचा.

"आता काय झालं?" बायको म्हणाली. "हवं ते मिळालं ना? शेळ्या तुमच्या, दूध तुमचं. मग तोंड का एवढंसं?"

"मला शेळ्या नको होत्या," फ्लॅश म्हणाला.

"मग काय हवं होतं?"

फ्लॅश बाहीवरचा पेंढा झटकत राहिला. पण बायको काही कालची नव्हती. तिने भाजीची विळी बाजूला सारली. "हे मला ऐकवून काय उपयोग? मी तर इथेच आहे. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

फ्लॅश परसात गेला. तांबडी हिरवा चारा मन लावून खात होती. तिच्याकडे बघत बघत त्याने क्लचला फोन लावला.

"तांबडी खात नाहीये," तो म्हणाला. "लगेच ये. मास्तरलाही सांग."

शिट्टी सायकलवरून आधी पोचला, घामाघूम. पाठोपाठ शिकवायची गाडी गचके खात येऊन दारात थांबली. तिच्या स्टिअरिंगवर एक शिकाऊ बाई होत्या, त्यांना तिथेच सोडून क्लच पळत आत आला.

दोघं तांबडीसमोर उभे राहिले. तांबडीने त्यांच्याकडे पाहिलं, तोंडातला घास संपवला आणि दुसरा घेतला.

"ही तर खातेय," क्लच म्हणाला.

"खातेय."

"तू म्हणालास, खात नाही."

"खोटं बोललो."

शिट्टीचा चेहरा लाल झाला. "मी पोरांना मैदानात उन्हात सोडून आलोय. मुख्याध्यापकांना काय सांगू? शेळी जेवतेय ते बघायला गेलो होतो? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी भर चौकात बाईंना गाडी वळवायला लावली," क्लच म्हणाला. "पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेतलंय त्यांनी. मरता मरता वाचलो आम्ही. काय चेष्टा लावली आहेस, लेका?"

"चेष्टा नाही," फ्लॅश म्हणाला. "मला शेळ्यांशी काही देणंघेणं नाही. तेव्हाही नव्हतं. तुम्ही येणार म्हणून मी हा वास घरात घेतला. तुम्ही येणार नसाल तर उद्याच दोन्ही विकतो."

"मग त्या रविवारी हे का नाही बोललास?" क्लच ओरडला. "तेव्हा तर नुसतं लेंड्या, लेंड्या, पाळी, पाळी. आम्हाला वाटलं, तुला कामाचा त्रास होतोय."

"कामासाठी निदान बोलावता येतं. नुसतं 'या' म्हटलं असतं तर आला असतात?"

शिट्टी गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवत जमिनीकडे बघत राहिला. हो म्हणायला दोघांनाही आवडलं असतं, पण तिघं एका बाकावर शिकलेले होते आणि एकमेकांशी धडधडीत खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मघाचं फ्लॅशचं काय ते पहिलंच.

बाहेर गाडी घरघरत होती. बाईंनी भीत भीत हॉर्न वाजवला आणि विचारलं, "सर, मी काय करू?"

क्लच दाराकडे गेला. फ्लॅशला वाटलं, चालला.

"इंजिन बंद करा," क्लच दारातून म्हणाला, "आणि किल्ली काढून आत या. वेळ लागेल."